थंडी आहे तोवर ये

१४ जानेवारी

शहाण्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी बातमी. आई गेली. परवा पहाटे, झोपेतच. महिनाभर खोकत होती, पण डॉक्टरला तिनं दारातूनच परत पाठवलं. "तुझेच ओठ निळे पडलेत, आधी घरी जाऊन शेकत बस," म्हणाली. शेवटपर्यंत जीभ शाबूत होती.

तुला फोन करण्यात अर्थ नाही. जहाजावर तो लागत नाही आणि बंदरात असलास तरी "हं"च्या पुढे तुझी गाडी जात नाही. पत्राला निदान दोन शब्द खर्च करावे लागतात. म्हणून हे तुमच्या समुद्र-सर्वेक्षण कचेरीच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथून तुझ्या हातात कधी पडेल ते तुमचा कारकून जाणे.

घाबरू नकोस, उशीर झालेला नाही. आईची माती अजून व्हायची आहे. इथं जमीन दगड झाली आहे. दफनभूमीच्या रखवालदारानं कुदळ घातली तर ठिणगी उडाली, दुसऱ्या घावाला दांडा मोडला. बिचारा मोडका दांडा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी भरपाई मागणार होते. आपल्या गावात हिवाळा म्हणजे काय होता? ओलं धुकं आणि चार दिवस न वाळणारे कपडे. मेल्यावर कुणाला जमिनीसाठी थांबावं लागल्याचं आजीच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. आता बंदर गोठलं आहे आणि पोरं नांगरलेल्या होड्यांच्या मधून चालत फिरतात. नगरपालिकेनं पाटी लावली आहे की जमीन सुटेपर्यंत सगळ्यांनी थांबावं.

तेव्हा तुला वेळ आहे. एरवी तुला वेळ नसतो, ह्या वेळी थंडीनंच तो काढून दिला आहे. आई चांगल्या ठिकाणी आहे, त्याची काळजी करू नकोस. मीही बरी आहे.

थंडी आहे तोवर ये.

अनेक आशीर्वाद.
ताई

२ फेब्रुवारी

शहाण्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती. "आईनं मला तिच्या मातीला येऊ नकोस असं सांगितलं होतं. तिचं मी कधी काही ऐकलं नाही, हे तरी ऐकतो. ताई, तू मात्र तिथून निघ." वा रे आज्ञाधारक! लहानपणी अंगात स्वेटर घाल म्हणून ती घसा फोडायची तेव्हा हा गुण कुठे पेंड खात होता?

सभेचा तो दिवस तू तुझ्या बाजूनं बघितलास. मी मागच्या बाकावर होते, माझ्या बाजूनं ऐक. गावाला नवा धक्का बांधायचा होता, नव्या होड्या घ्यायच्या होत्या, मासळीच्या कारखान्यात आणखी बायका लागणार होत्या. लोक नटूनथटून सभेला आले होते. आणि तू जहाजावरून उतरून, दाढीसुद्धा न करता, फळ्यावर खडूनं समुद्र काढलास. दक्षिणेकडून ऊबदार पाणी येतं, इथं आपल्या किनाऱ्याला ऊब देतं, थंड होऊन खाली बसतं आणि तळातून परत जातं. समुद्रातलं रहाटगाडगंच ते, म्हणालास. उत्तरेकडचा बर्फ वितळून गोडं पाणी वर पसरतंय, ते हलकं, खाली बसत नाही, म्हणून गाडगं मंदावलंय. एक दिवस आपलं बंदर गोठेल. धक्का बांधू नका, जमेल त्यांनी गाव सोडा.

होड्या बांधणारा मिस्त्री ओरडला, "मंदावलंय तर वंगण घाल की!" अख्खं सभागृह हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. आई हसली नाही. ती उठली. कारखान्यात मासळी कापणाऱ्या सगळ्या बायकांची ती मुकादम, तिच्या मागे पन्नास जणी बसल्या होत्या. "हा माझ्या पोटचा आहे," ती म्हणाली, "पण ह्याचं ऐकू नका. हा समुद्र कागदावर बघतो, आम्ही रोज हातात धरतो." मग घरी आल्यावर तू काय बोललास, ती काय बोलली, आणि मातीचं ते वाक्य. तू पिशवी उचललीस. तुझा डबा मी भरून ठेवला होता, तो तिथंच राहिला.

पुढचं तुला माहीत नाही. धक्का बांधला. मग पाणी गार होत गेलं तशी मासळीच वाट बदलून गेली. कारखाना बंद पडला. पन्नास जणी घरी बसल्या. मालकांनी जाताना किल्ली माझ्या हातात दिली, "लक्ष ठेवा" म्हणाले. काय लक्ष ठेवायचं? भिंतींवर?

आता सांगते, आई कुठे आहे. कारखान्याच्या शीतकोठीत. यंत्रं कधीच बंद झाली आहेत, पण त्यांची गरज नाही, बाहेर कोठीपेक्षा जास्त गार आहे. गावात दुसरी बंद, स्वच्छ, कुलपाची जागा नव्हती. जन्मभर त्या कोठीत उभी राहिली, आता आडवी आहे. तिला कळलं असतं तर म्हणाली असती, "मेल्यावर तरी कामाची पाळी चुकवू द्या." तिच्या शेजारी बेकरीवाले आजोबा आहेत, आणि पलीकडे मिस्त्रीची बायको. हो, त्याच मिस्त्रीची. रोज दुपारी तो येतो. मी कुलूप उघडते, तो बायकोजवळ खोक्यावर बसतो, मी आईजवळ.

एक विचारायचं आहे. तुझं शास्त्र मी आजवर विचारलं नव्हतं, आता विचारते. ही थंडी किती दिवस टिकेल?

ताई

२१ फेब्रुवारी

शहाण्या,

समुद्रावर दीड पान, आईवर अर्धी ओळ. तरी पूर्ण वाचलं, दोनदा. आकडे कळले नाहीत, पण मार्चअखेरपर्यंत जमीन सुटणार नाही हे कळलं. आणि मार्चमध्ये तुमचं जहाज बंदराला लागेल, "तेव्हा बघतो" हेही कळलं. "बघतो" म्हणजे नाही नव्हे. तू "नाही" म्हणताना कधी मागेपुढे पाहिलं नाहीस, म्हणून मी ह्या "बघतो"वर दिवस काढते आहे.

गावाची कळा बघवत नाही. आपली घरंच ह्या हवेची नाहीत रे. भिंती पातळ, खिडक्यांना एकेरी काच, पाण्याचे नळ जमिनीत जेमतेम वीतभर. ते सगळे फुटले. नळ दुरुस्त करणाऱ्याला लोक मंत्र्यासारखं घेऊन फिरतात, आणि तो सगळीकडे एकच सांगतो, "खाली खोल घालायला हवे होते." हे ऐकायला त्याला बोलवायची काय गरज? मी शेजारणीकडून बादलीनं पाणी आणते. आपल्या मागच्या खोलीचं छप्पर बर्फाच्या ओझ्यानं वाकलं आहे, म्हणून स्वयंपाकघरातच अंथरूण घालते. तसं बरं चाललं आहे.

संध्याकाळी लोक धक्क्यावर जमतात आणि प्रार्थना करतात. थंडी जाऊ दे, पाणी सुटू दे. नवा धक्का शेवटी त्याच कामाला आला. मीही जाते, नाही गेलं तर दिसतं. सगळ्यांसारखे हात जोडते आणि मनात म्हणते, इतक्यात नको, अजून थोडी राहू दे. शेजारणीचं तान्हं बाळ कफानं घुरघुरत असतं, तिच्या शेजारीच उभी राहून मी थंडी मागते. मला माझीच लाज वाटते. पण मागते.

पुन्हा लिहिलंस, "तिथून निघ". कुठे जाऊ? किल्ली माझ्याकडे, आई आत. आणि तू येणार असशील तर दार उघडायला घरात कुणी नको का?

ताई

९ मार्च

शहाण्या,

हे पत्र शांतपणे वाच. मध्येच फाडू नकोस, फाडायचंच तर शेवटी फाड.

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं ते खरं होतं, पण अख्खं खरं नव्हतं. जमीन गोठली, दांडा मोडला, सगळं खरं. पण तो दांडा मोडला बेकरीवाल्या आजोबांसाठी खोदताना. आईचा खड्डा खोदायचा नव्हताच. तो तयार होता.

परवा मिस्त्रीला कळलं. बायकोसाठी जागा बघायला तो दफनभूमीत गेला होता. भिंतीच्या कडेला त्याचा पाय फळ्यांवर पडला. बर्फ झाडून बघतो तर फळ्यांखाली पेंढा, पेंढ्याखाली नीट कापलेला, पुरुषभर खोल खड्डा. त्यानं रखवालदाराला धरलं. तिथून तडक माझ्याकडे. मी कारखान्याच्या दारात बर्फ ओढत होते.

"तुझ्या आईचा खड्डा तयार आहे," तो म्हणाला. "आणि तू तिला इथं मासळीसारखी ठेवलीस? कुणासाठी?"

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे कुणासाठी."

"तो येणार आहे?"

"बघतो म्हणालाय."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं आता शिव्या देईल. त्यानं विचारलं, "खड्डा कधी खोदला?"

हे मी तुला समोर बसवून सांगणार होते. कागदावर द्यायचं नव्हतं. म्हणून दोन महिने दाबून ठेवलं. पण आता गावाला कळलं आहे, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळावं हे मला चालणार नाही. तर ऐक. पानगळीत, हवा चांगली असताना, आई काठी टेकत दफनभूमीत गेली. रखवालदार मला तिच्या जाण्याच्या दिवशी हे सांगत होता तेव्हा रडत होता. ती त्याला म्हणाली, "माझ्यासाठी एक खड्डा आत्ताच खोदून ठेव. हिवाळ्यात जमीन गोठणार आहे."

तो म्हणाला, "बाई, इथं कधी गोठली आहे? कोण म्हणतं?"

"माझा मुलगा म्हणतो," आई म्हणाली. "आणि हे कुणाला सांगितलंस तर तुलाच त्यात पुरीन."

झालं. एवढंच. तुझ्याबद्दल तिनं दुसरं काही सांगून ठेवलेलं नाही. तुला बोलाव म्हणाली नाही, तो शब्दही परत घेतला नाही. मी गोड करून सांगणार नाही, तुला ते लगेच कळतं. पण सभेत तुला खोटं पाडणारी बाई तुझ्या शब्दावर स्वतःची कबर खोदून बसली होती. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तुला पत्र लिहिलं असतं. आपली आई, तिनं खड्डा खोदला.

हे मी मिस्त्रीला सांगितलं. तो दाराच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मी वंगण म्हणालो होतो." पन्नाशी उलटलेला माणूस, ढसाढसा रडला. त्याच्या बायकोला शेवटी घरात ऊब मिळाली नाही. त्यानं होड्यांची लाकडं जाळली, तरीही.

त्यानं खड्डा मागितला नाही. मागेल म्हणून मी वाट बघितली, नाही मागितला. मला दोन्ही बाजूंनी वाटत होतं. आईला आजच मातीत ठेवावं, तिचं काम तिनं करून ठेवलं आहे, मी कोण अडवणारी? आणि आईला ठेवलं की विषय संपला, मग तू कशाला येशील? शेवटी मीच म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या बायकोला ठेवा. आई थांबेल." चांगुलपणा म्हणून म्हटलं नाही. तुला वेळ मिळावा म्हणून म्हटलं. गाव मला आता फार भली समजतं. समजू दे.

काल तिची माती झाली. आईच्या खड्ड्यात. एक मूठ मीही टाकली. माती सुटी नव्हती, ढेकूळ पडलं तसा आवाज झाला.

आता तरी ये. तुझ्या हिशोबानं अजून वीस-बावीस दिवस आहेत.

ताई

२६ मार्च

शहाण्या,

तू पलीकडच्या खोलीत झोपला आहेस. दुपार कलली तरी उठला नाहीस, आणि मी उठवणार नाही. भिंत इतकी पातळ आहे की तुझा श्वास इथं ऐकू येतो. तरी लिहिते आहे, कारण काल तू दारात उभा होतास तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि तोंडानं ते दुरुस्त करायची माझी ताकद नाही.

तुझा हिशोब ह्या वेळी चुकला. आठ दिवसांपूर्वी वारा फिरला आणि सगळं ठिबकायला लागलं. गाव वेडं झालं. लोक धक्क्यावर नाचले. ऊबदार प्रवाह परत आला, शहाणा खोटा ठरला, असं पोरं गात फिरली. मोठेही त्यांना गप्प करत नव्हते. मी कोठीच्या दारात उभी राहून छपरावरून पडणारं पाणी बघत होते. हिवाळाभर ज्याची सगळ्यांनी वाट बघितली ते आलं, आणि मला ते लाथ मारून परत घालवावंसं वाटलं.

मग नगरपालिकेत तुझा निरोप आला, "निघालो. परवा पोचतो." शिपाई धावत सांगायला आला. मी त्याला जवळच्या सगळ्या पेपरमिंटच्या गोळ्या देऊन टाकल्या. मिस्त्री तिथंच होता. तो म्हणाला, "दोनच दिवस ना? काढू." हातगाडी घेऊन बंदरावर गेला, जिथं अजून बर्फ होता तिथून तुकडे फोडून आणले, आईच्या चारी बाजूंना रचले. पुन्हा गेला, पुन्हा आणले. त्याचे हात सोलून निघाले. तुझ्यासाठी करत होता तो हे, हे लक्षात ठेव.

काल तुला मी सांगितलं की नगरपालिकेनं थांबू दिलं नाही, परवाच सगळ्यांची माती उरकायला लावली. तू पिशवी खाली ठेवलीस, पायरीवर बसलास आणि बुटांकडे बघत राहिलास. शहाण्या, नगरपालिकेनं असं काही सांगितलं नव्हतं. आठवडाभराची मुभा होती. बर्फही पुरला असता. मी थांबले नाही.

परवा सकाळी मी आत गेले, तिच्या तोंडावरचं कापड काढलं. सगळा हिवाळा ती जशीच्या तशी होती, कपाळाला आठी, ओठ आवळलेले, आत्ता काहीतरी खोचक बोलेल अशी. परवा ती तशी नव्हती. ह्यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. मी कापड परत घातलं आणि विचार केला, हा इतक्या वर्षांनी येणार आणि हे बघणार. ह्याच्या डोळ्यांत आई सभेत उभी राहिलेली आहे. चिडलेली असली तरी ताठ. त्या चेहऱ्यावर हा चेहरा बसला तर तो कायमचा बसेल. माझ्या डोळ्यांत तो बसला आहेच.

मी बाहेर येऊन मिस्त्रीला म्हटलं, "आजच." तो म्हणाला, "उद्या येतोय ना पोर?" मी म्हटलं, "आजच." त्यानं हातातला बर्फ खाली टाकला आणि फावडं घेऊन गेला. जमीन नुसती चिखल झाली होती, वेळ लागला नाही. पहिली मूठ कुणी टाकायची म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले, तर मिस्त्रीच पुढे झाला. "ही तिच्या मुलाची," म्हणाला, आणि टाकली. आदल्या दिवशी गाणी म्हणणारी पोरंही मान खाली घालून उभी होती.

सगळा हिवाळा मी तिला तुझ्यासाठी धरून ठेवली आणि एका दिवसासाठी सोडली. चूक की बरोबर मला कळत नाही. तू मातीला यायचं नाही हे तिचं म्हणणं शेवटी खरं झालं, तू यायचं हे माझं म्हणणंही खरं झालं, आणि दोन्ही खरं होऊन तू पायरीवर एकटा बसलास. तुझी पाठ बघून मला वाटलं, ही तर आईची पाठ. मग मला आत जाऊन रडावं लागलं. तुला वाटलं मी चूल पेटवत होते.

रात्री जेवताना तू एकच वाक्य बोललास. हे पाणी सुटलंय ते वाऱ्यामुळं, प्रवाहामुळं नव्हे, पुढच्या हिवाळ्यात ह्याहून लवकर गोठेल. मी तेव्हा ताट उचललं आणि उत्तर दिलं नाही. आज देते. मला माहीत आहे. तू गावाला सांगितलंस तेव्हा मला माहीत नव्हतं, आईनं खड्डा खोदून ठेवला हे कळलं तेव्हा माहीत झालं.

उठशील तेव्हा हे वाचशील आणि चिडशील. चीड. ओरडलास तरी चालेल, शेजारणीला मी सांभाळून घेईन. पण आईवर चिडून गेलास तसा माझ्यावर चिडून जाऊ नकोस. जायचंच असेल तर थोडा थांब, मला कपडे भरायला वेळ लागेल. किल्ली मी सकाळीच मिस्त्रीला देऊन आले आहे.

ताई